पट्ट्याची चढती बाजू

माझ्या वहिनीचा उजवा हात श्रावणात गिरणीत गेला, मनगटापासून. आमच्या घरात ही गोष्ट सांगायची एकच रीत ठरून गेली होती. भात ओतताना पदर पट्ट्यात अडकला. बाबा तसंच सांगायचे, आई तसंच सांगायची, माझा थोरला भाऊ, त्याला मी दादा म्हणते, तोही मान खाली घालून तसंच सांगायचा. विचारायला आलेलं माणूस मग चुकचुकत म्हणायचं, बायकांनी पदर खोचून काम करावं हो. झालं. एवढ्यावर विषय मिटायचा. मला त्या चुकचुकण्याचा असा संताप यायचा की काय सांगू. का यायचा ते तेव्हा सांगता आलं नसतं. वहिनी तिथंच चुलीपाशी डाव्या हातानं लाकडं आत सारत असायची आणि सगळं ऐकत असायची.

ही पन्नास सालानंतरची गोष्ट. बदलापूर गावात नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर, घरासमोरच आमची गिरणी होती. पिठाची नव्हे, भाताची. शेतकऱ्यानं भात आणायचं, आम्ही भरडून तांदूळ आणि कोंडा वेगळा करून द्यायचा. कौलारू छपराखाली एका टोकाला तेलावर चालणारं इंजिन, दुसऱ्या टोकाला भरडायचं यंत्र, आणि दोघांच्या चाकांवरून फिरणारा कातड्याचा रुंद पट्टा. यंत्राच्या वरती भात ओतायचं तोंड असतं, त्याला चाडं म्हणायचे. दादा इंजिन बघायचा, वहिनी चाड्यात भात ओतायची, आणि बाबा बाहेर बाकावर बसून गिऱ्हाइकांशी पावसापाण्याच्या गप्पा मारायचे. गिरणी म्हणजे बाबांचा जीव. गावात पहिलं इंजिन आपण आणलं, हे ते वांगणीपासून अंबरनाथपर्यंत भेटेल त्याला ऐकवायचे.

हात गेल्यावर गिऱ्हाईक थोडं बिचकलं. बाया कुजबुजायला लागल्या की या गिरणीनं माणूस खाल्लं. बाबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. गिरणीचा काही दोष नाही, पोर निष्काळजी, हे ते इतक्या ठामपणे सांगायला लागले की हळूहळू ते खरंच झालं. आणि एकदा ते खरं झाल्यावर पुढचंही आपोआप ठरलं. वहिनीला भाकरी थापता येत नाही, लावणीला नेता येत नाही, पदरी मूल नाही. तेव्हा तिनं काही दिवस माहेरी विश्रांती घ्यावी. विश्रांती! हा शब्द आमच्या घरात त्याआधी कुणी बाईमाणसासाठी वापरलेला मी ऐकला नव्हता. तिचं माहेर वांगणीला. संक्रांत पार पडली की तिचा भाऊ गाडी घेऊन येईल असा निरोप गेला. परत कधी आणायचं त्याबद्दल निरोपात काही नव्हतं, आणि ते नव्हतं म्हणजे काय, ते मला, आईला, वहिनीला, अगदी गोठ्यातल्या गड्यालाही कळत होतं.

माझा तिच्यावर भारी जीव होता. ती आली तेव्हा मी लहान होते, मला सख्खी बहीण नाही. माझ्या केसांच्या वेण्या तीच घालायची. हात गेल्यावरही एकदा तिनं माझी वेणी घालायचा प्रयत्न केला, एक पेड दातात धरून. मला म्हणाली, हलू नकोस गं. मी हलले नाही, पण रडायला आलं ते काही थांबवता आलं नाही. तिनंच मग वेणी सोडून दिली.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा आम्हांला शेती आणि लाकूडकाम शिकवायला नवे मास्तर आले होते. देशावरचे, आवाज मोठा, सदरा कायम तेलानं डागाळलेला. राहायचे अंबरनाथला. पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर काही लिहिलं नाही. म्हणाले, तुमच्या घराशेजारी जे जे यंत्र फिरतं त्याचं एक चालतं लहान रूप तुम्ही बनवायचं. उसाचा चरक, कडबा कापायचं चाक, नदीवरचा पंप, काहीही. आणि सव्वीस जानेवारीला गावाला बोलावून दाखवायचं की त्यात माणसाचा हात कुठून जातो, आणि जाऊ नये म्हणून काय करायचं. पोरं खुशीत आली, कारण अभ्यास नाही, ठोकाठोकी. वर्गात आम्ही मुली जेमतेम तिघी. आम्हांला ते म्हणाले, तुम्ही चरक घ्या. मी उभी राहून म्हटलं, आम्ही भाताची गिरणी घेणार.

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना तोवर वहिनीचं कुणीतरी सांगितलं असणार, कारण त्यांचा मोठा आवाज एकदम खाली आला. तास संपल्यावर मला थांबवून म्हणाले, बाळ, तुझे वडील शाळेच्या कमिटीत आहेत, या कामाला लाकूड त्यांनीच दिलंय, तू चरकच घे. मला असा राग आला! वर्गात गर्जना करायची आणि बाहेर येऊन शेपूट घालायची. मी म्हटलं, चरकानं आमच्या घरात कुणाचा हात नेलेला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी फळीवर खडूनं दोन चाकांच्या जागा आखून आमच्यापुढे ठेवल्या. माणूस भित्रा होता, पण वाईट नव्हता.

त्यांनी आम्हां सगळ्यांना एकदा अंबरनाथच्या एका कारखान्यात नेलं. तिथं पट्टे होते, आमच्यापेक्षा कितीतरी लांब, पण प्रत्येक पट्ट्याभोवती लोखंडी जाळी. आत हात घालू म्हटलं तरी जाणार नाही. मी विचारलं, पट्टा बिघडला तर? तर मशीन बंद करून मग जाळी उघडायची, मास्तर म्हणाले. हे ऐकून माझ्याबरोबरचा एक शेतकऱ्याचा पोरगा हसला. म्हणाला, मशीन बंद केलं तर चालू कोण करणार? त्याचं हसणं अगदी बरोबर होतं. आमच्या इंजिनाचं डोकं आधी स्टोव्हच्या झोतावर लाल होईस्तोवर तापवायचं, मग दोन गडीमाणसांनी घाम गाळत ते अवजड चाक ओढायचं, तरी ते फुर्रकन विझायचं, पुन्हा पहिल्यापासून. म्हणून गिरणीवाले सकाळी पेटवलेलं इंजिन संध्याकाळपर्यंत बंद करत नसत. आमचे बाबा तर त्या बाबतीत फारच कडक. इंजिन बंद पडलं की त्यांचा चेहरा असा व्हायचा की घरात कुणी मोठ्यानं पाणीसुद्धा पीत नसे.

कारखान्यातून मास्तर आम्हांला पायी उल्हासनगरच्या कॅम्पात घेऊन गेले. फाळणीनंतर आलेले सिंधी लोक तिथं लष्कराच्या जुन्या बराकींतून राहत होते, आणि बराकीच्या पुढ्यात काहीना काही विकत होते. एकाकडे नुसतं भंगार, खिळे, चाकं, कप्प्या. मास्तरांना तो सारखं साईं, साईं म्हणत होता आणि मास्तर त्याच्याशी अशा हिंदीत घासाघीस करत होते की आम्ही पोरी तोंडावर हात धरून हसत होतो. लहान लोखंडी चाकांची एक जोडी त्यानं आमच्यासाठी शोधून काढली. पोरी काय बनवणार म्हणून विचारलं. ऐकल्यावर खाली वाकून एका डब्यातून पिवळट चकाकणारा खडा काढला आणि माझ्या हातावर ठेवला. म्हणाला, पट्टा फिसलेगा बेटी, तब ये लगाना. तो राळेचा खडा होता. मी तो ओळखला. आमच्या गिरणीत खिडकीच्या फळीवर तसाच एक पडलेला असायचा.

शाळेच्या पडवीत आमचं काम सुरू झालं. फळीवर दोन टोकांना दोन चाकं, एकाला फिरवायचा दांडा, आणि पट्टा म्हणून टांगेवाल्याकडून मागून आणलेलं जुन्या लगामाचं चामडं. एका डब्याचं चाडं केलं. चिंध्यांची बाई केली, तिला खराट्यातल्या हिराच्या काड्यांचे हात, आणि माझ्या जुन्या परकराचा लांब पदर. चाड्यापाशी तिला उभी केली, जिथं वहिनी उभी राहायची तिथं. मग मी दांडा फिरवला आणि मैत्रिणीनं बाहुलीचा पदर पट्ट्यावर सोडला.

पदर आत जाईना. पट्टा त्याला थोडा पुढे न्यायचा आणि बाजूला टाकून द्यायचा. आम्हांला वाटलं, पदर आखूड आहे. लांब लावला. तरी तेच. ओला केला. जोरात फिरवलं. छे! चाड्यापाशी पट्टा चाकावरून सुटून बाहेर पडतो, तो आणलेलं सगळं बाहेरच फेकतो. मास्तर बाजूला उभे राहून बघत होते.

तेवढ्यात पट्टा घसरायला लागला. चाक फिरतंय, पट्टा जागच्या जागी. मी राळेचा खडा घेतला. मैत्रीण दांडा फिरवतच होती, आणि मी तिला थांब म्हटलं नाही, कारण आमच्याकडे असं कुणी थांबतच नाही. खडा पट्ट्याच्या आतल्या अंगाला दाबायचा असतो. मी सहज हात घातला तो पलीकडून, भिंतीच्या बाजूनं, कारण तिकडूनच तो पोचत होता. पट्ट्यानं माझं बोट उचललं आणि चाकाखाली घेतलं. मी किंचाळले. चाक लहान होतं, फिरवणारा हात एका पोरीचा होता, म्हणून नख काळं पडण्यावर निभावलं.

मास्तरांनी बोटाला पाण्याची पट्टी बांधली आणि मग कधी नव्हे ते हळू आवाजात आम्हांला समजावलं. पट्टा जिथं चाकावरून सुटतो ती उतरती बाजू. जिथं चाकावर चढतो ती चढती बाजू. हात, पदर, केस, काय जायचं ते चढत्या बाजूनंच जातं. दुसरीकडून जात नाही. मी बोट धरून ऐकत होते. आमच्या गिरणीत चाड्याकडची बाजू उतरती आणि चढती पलीकडे इंजिनाजवळ, पट्टा आणि भिंत यांमधल्या फटीत. भात ओतणाऱ्या बाईचं तिथं काहीएक काम नाही. तिथं माणूस एकाच कामासाठी जातं. आणि श्रावणात कातडं सादळतं, पट्टा घसरतो, हे मी जन्मापासून बघत आले होते.

मग मला तिचं लुगडं आठवलं. हिरवं, बारीक चौकड्याचं. त्या दिवशी तिच्या अंगावर तेच होतं, आईनं रक्ताचे डाग घासून घासून काढले होते. ते लुगडं वहिनी अजून नेसत होती. पदर कुठंही फाटलेला नव्हता, साधा उसवलेलासुद्धा नव्हता. रोज दोरीवर वाळत पडलेलं ते लुगडं आम्ही सगळे बघत होतो आणि पदर अडकला, पदर अडकला म्हणत होतो.

घरी येऊन मी आधी दादाला गाठलं. तो इंजिनाचं तेल पुसत होता. विचारलं, वहिनी फटीत कशाला गेली होती? त्यानं वरही बघितलं नाही. फडकं तसंच हातात धरून राहिला. मी पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाला, शाळेत पाठवली ती चूक झाली. आणि उठून नदीकडे निघून गेला. दादा मला कधी टाकून बोलायचा नाही. मला उत्तर मिळालं.

वहिनीला विचारलं तर तिनं माझं काळं पडलेलं बोट हातात घेतलं. कशानं झालं ते मी सांगितलं. तिनं ते बोट कितीतरी वेळ तसंच धरून ठेवलं. मग म्हणाली, तू तुझा अभ्यास कर, यात पडू नकोस. मी म्हटलं, ते तुला घालवून देतायत आणि तू गप्प बसणार? ती म्हणाली, मला माहितेय. एवढंच. मला तिचाही राग आला. मला तेव्हा सगळ्यांचाच राग येत होता, आणि खरं सांगायचं तर अजूनही येतो.

संक्रांत झाली. वहिनीनं डाव्या हातानं सगळ्यांना तिळगूळ दिला. एका शेजारणीनं डाव्या हातचा म्हणून घेताना काचकूच केली, तेव्हा आईनं चक्क आपला हात पुढे केला आणि तो तिळगूळ स्वतःच्या तोंडात टाकला. आई वाईट नव्हती. बाबांपुढे तिचं काही चालत नव्हतं, एवढंच.

सव्वीस जानेवारीला शाळेच्या आवारात झेंडा झाला आणि मग गाव आमच्या टेबलांभोवती फिरायला लागलं. उसाच्या चरकापाशी पोरांची झुंबड, कारण तिथं खराच रस मिळत होता. आमच्या टेबलाशी बाबा आले, धुवट टोपी, मागे कमिटीची माणसं. आपली गिरणी लेकीनं बनवली म्हणून छाती पुढे काढून सगळ्यांना दाखवत होते. दादा लांब कुंपणापाशी उभा होता. वहिनी आली नव्हती, ती हल्ली चारचौघांत येतच नसे. मास्तर माझ्याजवळ येऊन पुटपुटले, चाक कसं फिरतं तेवढं दाखव, पुरे. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

मी बाहुली चाड्यापाशी उभी केली. मैत्रिणीनं दांडा फिरवला. मी पदर पट्ट्यावर सोडला, तो बाजूला पडला. पुन्हा सोडला, पुन्हा पडला. बघणारी माणसं गंमत म्हणून हसली. मागून एक शेतकरीण म्हणाली, जात नाय की गं, मंग तुझ्या वहिनीचा कसा गेला? तिच्या मनात काही नव्हतं, बाईनं आपलं साधं विचारलं. बाबांचं हसू तिथंच थांबलं.

मी म्हटलं, पदर गेलाच नव्हता. मग बाहुली उचलून पलीकडे, गिरणीत भिंत येते त्या बाजूला धरली आणि तिचा काडीचा हात, राळ लावताना धरतात तसा, पट्ट्याच्या आत दिला. कट् आवाज झाला. काडी मोडून चाकाच्या दुसऱ्या बाजूनं खाली पडली. कुणी हसलं नाही. तिथं जमलेल्यांतली निम्मी माणसं गिरणीत उठबस करणारी होती, त्या बाजूला कोण आणि कशाला जातं हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. बाबा त्या काडीकडे बघत राहिले. मग माझ्या दंडाला धरून म्हणाले, चल घरी.

वाटेत त्यांनी माझा दंड सोडला नाही. मागून दादा येत होता. आता मार बसणार असं मी धरूनच चालले होते. पण घरी येऊन बाबा ओटीवर बसले आणि त्यांनी आईला हाक मारली. आमच्याकडे सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नसे. दाराआड उभी राहायची, आणि काय असेल ते मधे सासूच्या तोंडून. वहिनी लग्न होऊन आल्यापासून बाबांशी एक वाक्य बोललेली नव्हती. बाबा आईला म्हणाले, तिला विचार, ती त्या फटीत कशाला गेली होती.

आईनं विचारायच्या आधीच वहिनी दाराबाहेर आली. डोक्यावर पदर होता, पण मान खाली नव्हती. दादा अंगणात उभा होता, त्याच्याकडे तिनं एकदाच बघितलं आणि मग सरळ बाबांकडे.

"पट्टा घसरत होता," ती म्हणाली. "राळ लाव म्हणाले. मी म्हटलं, इंजिन बंद करा, मग लावते. तर म्हणाले, बाबा ओरडतील."

अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या. मला वाटलं होतं बाबा दादावर धावून जातील. दादालाही तेच वाटलं असावं, तो तसा तयार होऊनच उभा होता. बाबा उठले नाहीत. त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, आणि तिच्याकडे बघत बसले. मग म्हणाले, हो, ओरडलो असतो.

त्यानंतर एक दिवस मास्तर आमचा वर्ग घेऊन गिरणीत आले, सागाच्या पट्ट्या आणि तार घेऊन. बाबांनी नाही म्हटलं नाही. पोरांनी मापं घेतली, दादानं खांब रोवून दिले, आणि पट्ट्याभोवती इंजिनापासून चाड्यापर्यंत जाळी उभी राहिली. भिंतीकडची फट तर दादानं फळ्या ठोकून कायमची बुजवली. ठोकताना त्याचे डोळे सारखे वाहत होते आणि तो ते खांद्याला पुसत होता. जाळीला एक दार ठेवलं होतं. त्याची कडी मास्तरांनी अशा जागी बसवली की इंजिन थांबवल्याशिवाय ती उघडताच येऊ नये. बाबांनी स्वतः ती कडी लावून, ओढून बघितली.

मी हवेत होते. मला वाटलं, जिंकलो. गिरणीला जाळी बसली, खरं काय ते गावाला कळलं, आता वहिनी कुठं जात नाही. तिला मी तसं म्हणालेही. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि भांडी घासायला बसली.

ठरल्याप्रमाणे तिचा भाऊ गाडी घेऊन आला. त्याला बिचाऱ्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आईनं त्याला पाणी दिलं, गूळ दिला. बाबा ओटीवरून खाली उतरले, तेही मी प्रथमच बघितलं, सुनेच्या माहेरच्या माणसासाठी ते कधी उठत नसत. त्याला म्हणाले, पाहुणे, बैल सोडा, दोन दिवस राहा, मग एकटे जा. ती इथंच राहील. हे घर तिचं आहे. आईनं डोळ्याला पदर लावला. दादा गिरणीच्या दारातून बघत होता. मला नाचावंसं वाटत होतं.

वहिनी आतून आली ती हातात गाठोडं घेऊन. तेच हिरवं लुगडं नेसली होती. ओटीच्या पायरीवर थांबून तिनं बाबांना आणि आईला नमस्कार केला, एका हाताचा, आणि म्हणाली,

"मामंजी, मला पाठवायचं ठरवलंत तेव्हा विचारलं नव्हतंत. आता ठेवायचं ठरवलंत, तेही विचारलं नाहीत."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर कुणीतरी समजूत घातली असती. दादा गिरणीच्या दारातून दोन पावलं पुढे आला. तिनं त्याच्याकडे बघितलं, अगदी नीट, आपल्या माणसाकडे बघावं तसं. पण थांबली नाही.

मी धावत जाऊन तिचं गाठोडं धरलं. म्हटलं, मी तुला जाऊ देणार नाही. ती म्हणाली, सोड. मी सोडलं नाही. ती ओढायला लागली. माझे दोन हात आणि तिचा एक. गाठोडं तिच्या हातातून निसटायला लागलं, आणि तिनं ते सावरायला दुसरा हात पुढे केला, जो नव्हता.

मग मीच ते गाठोडं उचललं आणि गाडीत नेऊन ठेवलं.